आवाज मोजणारं करिअर

नीटचा निकाल लागला की लोणीपासून कोपरगावपर्यंत घरोघरी एकच काथ्याकूट: एमबीबीएस नाही, तर मग काय? त्यात ‘बीएएसएलपी’चं नाव क्वचितच निघतं. वाचा आणि श्रवणदोषांवर उपचार शिकवणारी ही पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची आहे. राज्याच्या सीईटी कक्षाकडून तिचे प्रवेश नीटच्या गुणांवरच होतात. वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि १९६५पासूनचं म्हैसूरचं ‘आयिश’ यांच्यासाठी अर्ज वेगळा भरायचा.

आता या क्षेत्रात संगणक आलाय. रुग्णाला काही सेकंद ‘आ’ लावायला सांगतात आणि तो ध्वनिमुद्रित करतात. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. या कंपनांच्या वेळेतली चढउतार म्हणजे जिटर, जोरातली म्हणजे शिमर. तंतूंवर गाठ वा सूज असेल, तर हे आकडे बहुधा वाढतात. घशात काही न घालता एवढं कळतं. पण खोलीतल्या पंख्यानेही आकडे बिघडतात! म्हणून दोन-तीन आठवडे बसलेला आवाज ॲपला नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा.

लहान मुलांचं काम याहून नाजूक. तीन वर्षांचं पोर ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं, त्यात काळजीचं काही नाही. शाळेत जायला लागल्यावरही तेच चालू असेल तर तपासणी हवी. उच्चार तपासणारं यंत्र इंग्रजी आवाजांवर शिकवलेलं असेल, तर त्याला आपला ‘ळ’ कुठून कळणार? अकोले तालुक्यातल्या ठाकर समाजाच्या मुलाची बोली त्याने दोष ठरवली, तर तो गोंधळ निस्तरायला ती बोली ऐकत वाढलेलाच माणूस लागेल. मला वाटतं, नगर जिल्ह्यातल्या मुलांची खरी संधी इथेच आहे.

गणितात रमणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक अभियांत्रिकी घेऊन सिग्नल प्रोसेसिंगकडे वळावं. त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. माणसांत रमणाऱ्यांनी बीएएसएलपी. निर्णयाआधी ‘प्राट’ संगणकावर उतरवून घ्या. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आजीचा आणि धाकट्या भावाचा ‘आ’ त्यात शेजारी-शेजारी लावून पाहा. पाच मिनिटांत कंटाळा आला, तर हा रस्ता सोडून द्या.

आणि पालकांनो, तीन महिन्यांच्या ‘एआय हेल्थकेअर’ प्रमाणपत्रावर रुग्ण तपासता येत नाहीत. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कॉलेज परिषदेच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघा.