उपघटक ३.४ : समाजमाध्यमांवरील अभ्यासगट आणि बोलींचा अभ्यास



मागील उपघटकात आपण प्रमाणभाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध पाहिला. तेथील उदाहरणे छापील होती. बोली मात्र कानावर पडावी लागते. दूरशिक्षणात आपण गावोगावी विखुरलेले असतो आणि संपर्कसत्रे मोजकीच होतात. ही स्थिती एरवी अडचणीची असली, तरी भाषेच्या अभ्यासकाला तिच्यात लाभच दिसतो. साक्री, दर्यापूर आणि कणकवली येथील विद्यार्थी एकाच व्हॉट्सॲप गटात असतील, तर तो गट बोलीअभ्यासाचे क्षेत्र ठरू शकतो.

दूर राहून बोलींचे नमुने गोळा करण्याची कल्पना नवी नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण प्रामुख्याने पत्रव्यवहारावरच उभे होते. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे स्थानिक बोलीतील रूपांतर ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांमार्फत मागवले जाई. मराठीचा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. (खानदेशीला मात्र त्यांनी भिल्ल भाषांसोबत दुसऱ्या खंडात स्थान दिले, हे लक्षात ठेवावे.) लेखी नमुन्यांत उच्चार निसटतात, म्हणून पुढे काही भाषांची ग्रामोफोनवर ध्वनिमुद्रणेही करण्यात आली. आज तेच काम हातातील फोन करतो.

एक साधे रूप घेऊ. प्रमाण मराठीतील ‘मला’ वऱ्हाडीत ‘मले’, अहिराणीत ‘माले’ आणि मालवणीत ‘माका’ होते. हा फरक लिहूनही दाखवता येतो. परंतु वऱ्हाडी व अहिराणी भाषक ‘डोळा’ या शब्दाचा उच्चार ‘डोया’ असा करतो, तरी लिहिताना त्याचा हात सवयीने ‘ळ’कडे वळतो, फोनचा कळफलकही प्रमाण रूपच सुचवतो. म्हणून बोलीचा नमुना लिखित संदेशातून न घेता ध्वनिसंदेशातून घ्यावा.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने गटावरील संदेशात ‘माले’ असे लिहिले. शिक्षकी सवयीने मी ते ‘मला’ असे दुरुस्त केले, तेही सर्वांसमक्ष. त्यानंतर ती गटावर काहीच लिहीना. संपर्कसत्रात विचारले तेव्हा म्हणाली, “सर, आमच्या घरचं बोलणं चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं.” वर्गात मी नेमके याच्या उलट शिकवत होतो! परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणलेखन अपेक्षित असते, एवढेच तिला स्वतंत्रपणे सांगायला हवे होते. गटावरील गप्पांची भाषा आणि उत्तरपत्रिकेची भाषा यांची प्रयोजने वेगळी आहेत. पुढे तिने आपल्या आजीचे बोलणे ध्वनिसंदेशाने पाठवले आणि त्यावर आमची उत्तम चर्चा झाली. ध्वनिमुद्रणापूर्वी आजीची संमती घेतली होती का, हे विचारायचे मात्र मी विसरलो. तुम्ही विसरू नये. गटावर टाकलेला आवाज पुढे कोठे जाईल, यावर आपले नियंत्रण राहत नाही. हेही वक्त्याला आधीच सांगावे.

गटांवर शब्दांच्या व्युत्पत्तीही पुष्कळ फिरतात. समजा, ‘पगार’ हा शब्द संस्कृतातून आल्याचे कोणी कळवले. ध्वनिसाम्य दाखवणारा असा मजकूर मोहक असतो, पण पुरावा ठरत नाही. पैसे देणे या अर्थाच्या ‘पागार’ या पोर्तुगीज क्रियापदाशी त्या शब्दाचा संबंध आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही आंतरजालावर विनामूल्य पाहता येतात. मजकूर पुढे पाठवण्याआधी ते उघडावेत.

कृती : आपल्या घरातील किंवा शेजारच्या साठीपुढील व्यक्तीची संमती घेऊन स्वयंपाक, शेती अथवा बाजार यांविषयीचे त्यांचे दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. गाव, वय आणि घरात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषा यांची नोंद करा. नाव लिहू नका. ऐकू आले तसेच देवनागरीत उतरवा आणि ‘ळ’ व ‘मला’ यांची रूपे अधोरेखित करा. एखादा शब्द कळला नाही, तर अंदाजाने प्रमाण रूप न लिहिता जागा रिकामी ठेवा व त्या व्यक्तीकडे पुन्हा जाऊन विचारा.