डुक्कर फियाटचे बोल्ट

चि. मृण्मयी,


तुझं पत्र आणि फोटो पोचले. आबांची डुक्कर फियाट तू उघडायला घेतलीस, याचा आनंद शब्दांत मावणारा नाही. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की गंजलेले नट-बोल्ट भंगारात देऊन सगळीकडे नवे स्टेनलेसचे बसवणार. ते वाचून लगेच लिहायला बसलो. एकही बोल्ट घराबाहेर जाऊ देऊ नकोस.

या गाडीचा रंग आबांच्या हयातीतच बदलला. सीटांची कापडं बदलली, वायरिंग बदललं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधल्या कामगारानं पाना लावून आवळलेली, त्यानंतर कुणी हात न लावलेली गोष्ट आता शोधायची तर ती या बोल्टांतच सापडेल. तो कारखाना गेला, त्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. गाडीत कोणत्या जागी कोणता बोल्ट बसत होता हे पार्ट्स कॅटलॉग थोडंफार सांगतो. पण वायसर कसला होता, डोक्यावर खूण काय होती, चमक कसली होती, हे तुझी गाडीच सांगेल. तिला विचारून घेईपर्यंत बाजारात जाऊ नकोस.

विचारायचं कसं? प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेव आणि वर चिठ्ठी: ‘पुढचा डावा मडगार्ड, वरून दुसरा’. मग डावी आणि उजवी बाजू शेजारी मांड. कारखान्यात दोन्हीकडे एकच बोल्ट बसायचा. साठ वर्षांत दोन्ही बाजूंना एकच चुकीचा बोल्ट बसलेला सहसा आढळत नाही, त्यामुळे दोन्हीकडे जुळला तर बहुधा तोच अस्सल. जुळला नाही तर मिस्त्री जिथे पोचत नाही अशा जागी पाहा: मागच्या सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या कोपऱ्यात. आणि रंगाकडे नीट बघ. दरवाजाच्या बिजागऱ्या बॉडीबरोबरच रंगल्या असतील, तर त्यांच्या बोल्टांच्या डोक्यांवर मूळ रंगाचा थर असेल. बंपर, दिवे, पट्ट्या रंगानंतर लागतात, त्यांचे बोल्ट कोरे. बिजागरीचा बोल्ट कोरा निघाला तर समज की दरवाजा केव्हातरी उतरवला होता.

आता सगळ्यात घात करणारी गोष्ट. फियाट इटालियन, म्हणजे पहिल्यापासून मिलिमीटरची गाडी. ही ११००-१०३ तुरीनमध्ये १९५३ साली आली आणि पुढच्याच वर्षापासून कुर्ल्यात जुळू लागली. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली, आणि गॅरेजांपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. आपले मिस्त्री सुतात बोलत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि तुझ्या गाडीचा आठ मिलिमीटरचा. फरक केसाएवढा, डोळ्याला कळतच नाही. पण आट्यांचं अंतर वेगळं: आठच्या नेहमीच्या बोल्टाला १.२५ मिलिमीटर, अडीच सुती जाड आट्याला १.४१, बारीक आट्याला १.०६. आठचा बोल्ट सापडला नाही की मिस्त्री अडीच सुती घ्यायचा, पहिले दोन-तीन फेरे हातानं बसले की पुढे पाना लावून दाबायचा. बोल्ट आत गेला, भोकाचे आटे मेले. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिथे असं काही झालंय का ते आधी तपास. म्हणून व्हर्नियरबरोबर आट्यांचं अंतर मोजणारा पिच गेज हवाच. दहा मिलिमीटरचा बोल्टही १.५ आणि १.२५ अशा दोन्ही आट्यांत मिळतो, नुसतं ‘दहाचा द्या’ म्हणून मागू नकोस.

डोक्यावरची अक्षरंही वाचायला शिक. ८.८ किंवा १०.९ असे मजबुतीचे आकडे ज्या पद्धतीत लिहितात ती आंतरराष्ट्रीय पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीची. तुझी गाडी १९६० ची. ८.८ लिहिलेला बोल्ट तिच्यावर दिसला तर तो नंतरचाच. तसंच टीव्हीएस ही अक्षरं असलेला: सुंदरम फास्टनर्सचं उत्पादनच १९६६ पासूनचं. पान्याचं मापही बोलतं. दहाच्या बोल्टाला जुन्या जर्मन मापानं १७ चा पाना लागतो, नव्या आंतरराष्ट्रीय मापानं १६ चा. नायलॉनची कडी असलेले नट, ॲलन-की लागणारे बोल्ट या गाडीवर दिसले तर ते पाहुणे समज.

हे वेड फक्त आपलं नाही. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं ज्या जीपा बांधल्या त्यांच्या बोल्टांच्या डोक्यांवर ‘एफ’ हे अक्षर उमटवलेलं असे. आजही त्या जीपा उभ्या करणारे लोक विलीज कंपनीच्या जीपचा बोल्ट फोर्डच्या जीपला लावत नाहीत. मला ते पटतं. लाखो जीपांमधून एकीची ओळख तेवढ्यानं पटते.

मिळवायचं कुठून? पहिला बोल्ट तुझाच, साफ करून. तो निकामी असेल तर त्याच काळातल्या मेलेल्या गाडीचा. पुण्यात नाना पेठेत जुने दुकानदार आहेत, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत कुर्ल्याच्या भंगाराच्या गाळ्यांत फिर. प्रीमियर पद्मिनीचे सुटे भाग पुष्कळ मिळतील, कारण ती २००० च्या आसपासपर्यंत बनत होती आणि १०८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्याचं. पण ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीचा बोल्ट मापानं बरोबर आणि काळानं चुकीचा असतो. इंजिनखाली, जिथे दिसत नाही, तिथे मी तो खुशाल लावीन. बॉनेट उघडल्यावर दिसतो तिथे नाही. नवाच घ्यावा लागला तर नागदेवी स्ट्रीटला जा, नमुना हातात घेऊन जा, आणि साधं गुळगुळीत डोकं माग.

स्टेनलेस मात्र नको. नुसतं चुकीचं दिसतं म्हणून नाही. बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० न्यूटनच्या आसपास कायमचा ताणला जातो, ८.८ चा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो, दोन्ही दर चौरस मिलिमीटरला. शिवाय ओलाव्यात स्टेनलेस शेजारच्या ॲल्युमिनियमला खातं, आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर आवळताना जाम झाला की कापल्याशिवाय निघत नाही.

साफ करताना वायर ब्रशचं चाक चालवू नकोस. जुन्या बोल्टांवरचा मंद रुपेरी थर कॅडमियमचाही असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला विष आहे. तेलात भिजव, मऊ ब्रशनं पुस. प्लेटिंगला द्यायचे तर पांढरं झिंक पुरे. आरशासारखी निळसर चमक मागू नकोस, जुन्या मंद थराशी ती जुळत नाही. थर आठ मायक्रॉनपेक्षा जाड नको, कारण आट्याच्या दोन्ही बाजूंना चढून माप थराच्या चौपटीनं वाढतं आणि नट बसत नाही.

आता जे सांगतो त्यात तुझं काहीही ऐकणार नाही. स्टिअरिंग, ब्रेक, पुढचं सस्पेन्शन, चाकं, कनेक्टिंग रॉड: इथले जुने बोल्ट पिशवीत ठेव, गाडीत घालू नकोस. ते किती वेळा ताणले गेलेत कुणालाच माहीत नाही. त्यांना प्लेटिंगलाही देऊ नकोस. ॲसिडच्या टाकीत कडक पोलाद हायड्रोजन पितं आणि नंतर, कधी उभ्या गाडीतसुद्धा, काचेसारखं तुटतं. १०.९ च्या वरचे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच दोनशे अंशांच्या आसपास कित्येक तास भाजावे लागतात, आणि आपल्याकडचे छोटे प्लेटिंगवाले ते करतीलच असं नाही. इथे नवे, खात्रीच्या कंपनीचे, योग्य ग्रेडचे बोल्ट घाल, डोक्यावर कितीही आकडे असोत. जिथे मूळचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन आहे तिथे तेच ठेव, आणि पिन दर वेळी नवी.

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत कुणी परीक्षक त्या ८.८ कडे बोट दाखवून गुण कापेल. कापू दे. तू ती गाडी चालवणार आहेस, आणि शेजारी आई बसणार आहे.

दिवाळीत येतो तेव्हा पिच गेज आणि मायक्रोमीटर आणतो. तोवर पुढच्या सस्पेन्शनला हात लावू नकोस. मडगार्ड उतरवायला हरकत नाही, पण आदल्या दोन रात्री तेल सोड, आणि बोल्ट फिरेना तर लांब दांडा लावून जोर करण्याऐवजी नट तापव, पेट्रोलची टाकी आणि नळी आधी काढून. पिशव्यांचे फोटो पाठव, चिठ्ठ्या वाचता येतील असे.

तुझा,
सुधाकाका