तुटलेला बोल्ट

[नट-बोल्ट ही अगदी साधी वस्तू. पण तोच बोल्ट इंजिनात तुटून अडकला, की भलीमोठी मालमोटार जागची हलत नाही. असा बोल्ट कसा काढतात, हे लेखकाने आपल्या विद्यार्थिदशेतील एका अनुभवाच्या आधारे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.]

मालेगाव शहर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. या रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी धावतात. जेथे मालमोटारी धावतात, तेथे त्या दुरुस्त करणारी माणसेही असतातच. माझ्या मामूंचे एक लहानसे गॅरेज याच रस्त्यावर होते. वर पत्र्याचे छप्पर, खाली तेलाने काळी पडलेली जमीन आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. सुटी लागली, की मी तेथे जात असे. मामू घरी उर्दू बोलत; पण गॅरेजमध्ये येणारे बरेच चालक नाशिक, धुळे, जळगावकडचे असत, त्यामुळे तेथे मराठी चाले. 'पाना', 'कानस', 'वंगण', 'आटे' हे शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी तेथेच ऐकले. बोल्टवर गोल गोल खाचा असतात, त्यांना मराठीत 'आटे' म्हणतात. आपण उर्दूत त्यांना 'चूडियाँ' म्हणतो. 'पेच' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत आहे. फिरवायचा पेच आणि माणसाला पडणारा पेच, हे त्याचे दोन्ही अर्थ मला एकाच दिवशी नीट कळले.

तो दिवस २००३ सालच्या मे महिन्यातला होता. मी आठवीची परीक्षा दिली होती. सकाळी आठच्या सुमारास एक मालमोटार गॅरेजसमोर येऊन थांबली. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून ती इंदूरकडे निघाली होती. इंजिनातून फटफट आवाज येत होता. केबिनमध्ये धूर शिरत होता. चालक काकांचे डोळे लाल झाले होते. ते म्हणाले, "मालक, गाडी चढ चढंना झालीय, अन् डोकंबी दुखतंय."

मामूंनी केबिनमधले झाकण उघडून आत पाहिले. इंजिनाच्या सिलिंडरांवर जे जड झाकण असते, त्याला हेड म्हणतात. हेडमधून बाहेर पडणारा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा जो जाड नळ असतो, तो मॅनिफोल्ड. या दोहोंमधले पॅकिंग जळाले होते, म्हणून तेथून धूर गळत होता. मॅनिफोल्ड काढायचे, नवे पॅकिंग घालायचे आणि पुन्हा बसवायचे, एवढेच काम होते. मामूंनी सगळ्या बोल्टांच्या मुळाशी तेल सोडले, एकेका बोल्टच्या डोक्यावर हातोडीने दोन-दोन हलके ठोके दिले आणि मला म्हणाले, "मी पॅकिंग घेऊन येतो. इंजिन निवेपर्यंत हात लावू नकोस."

मी हात लावला. चालक काका सारखे ताडपत्री उचलून कांदा पाहत होते. मे महिन्याच्या उन्हात ताडपत्रीखाली कांदा तापतो, घाम धरतो आणि सडू लागतो. मला वाटले, मामू येण्याआधी आपण बोल्ट काढून ठेवू. १७ नंबरच्या पान्याने एकामागून एक बोल्ट सुटत गेले. अगदी मागचा, केबिनकडचा एक मात्र हलेना. मी पान्यात एक लांब पाइप घातला. तरफेचा नियम तुम्ही शिकला आहात: हात तिप्पट लांब केला, की जोरही तिप्पट होतो. बोल्ट फिरला. हाताला अगदी मऊ लागला. सुटला, असे मी मनात म्हणतो तोच 'टक्' असा आवाज झाला आणि बोल्टचे डोके पान्यासकट माझ्या हातात आले.

मामू परत आले तेव्हा मी ते डोके मुठीत धरून उभा होतो. त्यांनी ते घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "कसा तुटला?"

"माझी चूक झाली, मामू."

"ते मी विचारलेच नाही. तुटण्याआधी हाताला कसा लागला?"

"मऊ लागला. मग एकदम तुटला."

"म्हणजे डोके फिरले, पण खालचा भाग जागचा हलला नाही. मधल्या मध्ये पिळवटून तुटला."

असे का होते, हे मला पुढे शिकताना उमगले. बोल्ट आवळला, की तो किंचित ताणला जातो. रबर ताणले की जसे मागे ओढते, तसाच तो बोल्ट दोन भागांना एकमेकांकडे ओढून धरतो. पान्याला आपण जेवढा जोर लावतो, त्यातला साधारण दहावा हिस्साच या ताणाच्या कामी येतो. बाकीचा सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. आता, बोल्ट आवळताना तुटला असेल, तर डोके जाताच ताणही जातो. मग आत राहिलेला तुकडा पुष्कळदा सैल असतो. छिन्नीच्या टोकाने हळूहळू टोचत फिरवला, तरी बाहेर येतो. पण सोडवताना तुटलेल्या बोल्टची गोष्ट वेगळी. त्याला धरून ठेवणारा ताण नसतो, गंज असतो. गंज हा लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांमधल्या बारीकशा फटीत तो फुगतो आणि बोल्टला जखडून टाकतो. शिवाय मॅनिफोल्डचे बोल्ट सतत तापतात आणि निवतात. भरलेल्या गाडीच्या इंजिनातून निघणारा धूर ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. म्हणून बोल्ट कसा तुटला, हे मामूंनी आधी विचारले होते.

मामू चालक काकांकडे गेले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "एक बोल्ट माझ्या भाच्याच्या हातून तुटला. तो काढायला वेळ लागेल. त्या कामाचे पैसे मी घेणार नाही." मला वाटले, आता काका चिडणार. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "पोरगं हाय. पण माझा कांदा तापतोय, तेवढं बघा." त्यांनी रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

मॅनिफोल्ड काढल्यावर दिसले, की बोल्टचा तुकडा हेडच्या बाहेर जेमतेम एक सूत उरला आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारागीर अजूनही सुतात मोजतात. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचे मिस्त्री आले. ते म्हणाले, "भोक पाड, ईझी-आउट घाल आणि पीळ. दहा मिनिटांचे काम!" ईझी-आउट हे उलट्या आट्यांचे, निमुळते हत्यार असते. तुटलेल्या बोल्टच्या पोटात भोक पाडून ते उलट फिरवत घालतात. मामू काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या एका जुन्या हेडकडे बोट दाखवले. त्या हेडच्या एका भोकात एक चकचकीत ठिपका होता. तो तुटलेल्या ईझी-आउटचा तुकडा होता.

मिस्त्री हसून निघून गेले. पण मला ते कळले नव्हते. मामूंनी समजावले, "जो बोल्ट अख्खा असताना पिळून तुटला पण हलला नाही, तो त्याच्या पोटात मावणाऱ्या बारीक हत्याराने कसा हलेल? आधी ते हत्यारच तुटेल. आणि ते इतके कडक असते, की साधे ड्रिल त्याच्यावर चालत नाही. मग ना बोल्ट निघतो, ना हत्यार." सैल तुकड्यासाठी ईझी-आउट चांगले; जखडलेल्यासाठी नाही.

मामूंनी काम सुरू केले. तारेच्या ब्रशने गंज झाडला, रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण सोडले आणि हातोडीने तुकड्यावर हलके हलके ठोके दिले. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि त्यांतून तेल आत शिरते. मग ते चहा प्यायला बसले! मी तासभर त्या तुकड्याकडे पाहत राहिलो. काका ताडपत्री सोडून कांद्याला वारा देत होते. मीही मग त्यांच्या मदतीला गेलो.

तासाभराने मामूंनी सगळे तेल पुसून काढले. तेलाजवळ ज्योत न्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांनी गॅसच्या ज्योतीने तुकड्याच्या भोवतालचा भाग सावकाश तापवला. हेड बिडाचे होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. बीड एकाच जागी एकदम तापवले, तर तडकते. म्हणून त्यांनी ज्योत गोल गोल फिरवली आणि बीड लाल होऊ दिले नाही. नंतर त्यांनी एक मेणबत्ती आट्यांच्या कडेला टेकवली. मेण वितळले आणि बघता बघता आत गेले, जणू कोणी ओढून घेतले! दिव्याच्या वातीत तेल चढते ना, तसेच हे केशाकर्षण. पक्कडीने फिरवून पाहिले, तरी तुकडा हलला नाही.

"आता वेल्डिंग," मामू म्हणाले. आधी त्यांनी गाडीच्या बॅटरीच्या तारा सोडवल्या. नाहीतर वेल्डिंगच्या विजेने गाडीचा डायनामो जळू शकतो. तुकडा १० मिलिमीटरचा होता. त्यांनी १२ मिलिमीटर भोकाचा नट त्याच्यावर ठेवला आणि नटाच्या भोकातून आतल्या आत वेल्डिंग करून नट आणि तुकडा एकजीव केला. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढी उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते. तो फुगू पाहतो. पण भोवतालचे थंड बीड त्याला फुगू देत नाही. मधल्या मध्ये गंज चिरडतो. बोल्ट निवला, की आक्रसतो आणि बारीकशी फट मोकळी होते.

लाली गेल्यावर मामूंनी नटाला पाना लावला. नट तुटून हातात आला. काकांनी कपाळाला हात लावला. मामूंनी कानशीने जागा घासून दुसरा नट लावला. तोही तुटला. मामू म्हणाले, "तुटू दे. नट पोत्याने आहेत, हेड एकच आहे." प्रत्येक वेळी बोल्ट पुन्हा तापत होता आणि गंज आणखी चिरडत होता. तुकडा मुळापासून तुटला असता, तर त्याच्या बरोबर मध्यभागी पंचाने खूण करून, बारीक ड्रिलपासून सुरुवात करून भोक पाडत जावे लागले असते. १० मिलिमीटरच्या साध्या आट्यांसाठी साडेआठ मिलिमीटरपर्यंत भोक पाडतात आणि आट्यांत उरलेली तार उचकटून काढतात. ड्रिल केसभर तिरपे गेले, तर हेडचे आटे जातात. काही इंजिनांत पाण्याची वाट अगदी जवळ असते. तेथवर ड्रिल गेले, तर पाणीच बाहेर येते.

तिसरा नट लावला. या वेळी मामूंनी पाना माझ्या हातात दिला. "आधी आवळायच्या दिशेने, अगदी चिमूटभर. मग सोडायच्या दिशेने. पाइप नाही!" मी आवळला. काही नाही. उलट फिरवला. 'चर्रर्र' असा बारीक आवाज आला. माझे हात थांबले. तुटण्याआधी तो असाच फिरला होता! मामू म्हणाले, "मऊ लागतो का?" मी म्हणालो, "नाही. खरखरीत लागतो." "मग सुटतोय. थोडा पुढे, थोडा मागे. तेल घाल." पाव फेरा पुढे, तेवढाच मागे, असे करत करत अर्ध्या तासाने तो बाहेर आला. आट्यांवर तांबूस पूड लागली होती आणि तो अजून इतका गरम होता, की मी तो हातात धरू शकलो नाही.

पुढचे काम सोपे होते. आटे साफ केले, नवे बोल्ट उष्णतेला टिकणारे वंगण लावून घातले आणि मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. सगळ्यांत मागचा बोल्ट मामूंनी मला आवळायला लावला. ते बाजूला उभे राहून कांदा सोलत होते. काकांनी एक टोपलीभर कांदा उतरवून दिला होता.

रात्री नऊ वाजता इंजिन सुरू झाले. काकांनी कान देऊन ऐकले. फटफट थांबली होती. ते केबिनमध्ये चढले, मला म्हणाले, "ये रे कधी निफाडकडं," आणि गाडी धुळ्याच्या दिशेने निघून गेली. त्या तीन नटांपैकी तिसरा, बोल्टच्या तुकड्यासकट, आज माझ्या टेबलाच्या खणात आहे.

स्वाध्याय

१. 'पेच' या शब्दाचे दोन अर्थ लिहा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

२. बोल्ट कसा तुटला, हे मामूंनी आधी का विचारले?

३. "त्यांनी रागावले असते, तर मला बरे वाटले असते." लेखकाला असे का वाटले असेल?

४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या हत्यारांची मराठी आणि उर्दू नावे लिहून आणा.