इसब आणि मुरुमे : प्राथमिक आरोग्यसेवेतील निदान व उपचार

त्वचेची तक्रार घेऊन येणारा रुग्ण सर्वप्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे जातोच असे नाही. गावातील आरोग्य केंद्र, वस्तीतील सर्वसाधारण वैद्यकीय व्यावसायिक आणि अनेकदा थेट औषधाचे दुकान, अशा मार्गाने त्याचा प्रवास होतो. तज्ज्ञ डॉक्टर प्रामुख्याने शहरांत असल्याने इसब (एक्झिमा) आणि मुरुमे (तारुण्यपीटिका) या दोन नित्याच्या विकारांचे निदान व उपचार ही मुख्यतः प्राथमिक स्तराची जबाबदारी ठरते. हे विकार सहसा जीवघेणे नसतात. मात्र चुकीच्या उपचाराने होणारी हानी दीर्घकाळ टिकते.

इसब : निदानाची सूत्रे

अटोपिक इसब हा त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे झाल्याने आणि प्रतिकारयंत्रणेच्या अतिप्रतिसादामुळे होणारा विकार आहे. तो संसर्गजन्य नाही. त्याच्या निदानासाठी प्रयोगशाळेतील चाचणी सहसा लागत नाही. गेल्या वर्षभरातील खाज हे त्याचे अनिवार्य लक्षण होय. त्याच्या जोडीला पुढीलपैकी किमान तीन बाबी आढळल्यास निदान पक्के मानले जाते : दोन वर्षे वयाच्या आत सुरुवात, सर्वांगाची कोरडी त्वचा, कोपर किंवा गुडघ्याच्या घडीत पूर्वी झालेला विकार, तेथे तपासणीच्या वेळी दिसणारे चट्टे आणि दमा वा ॲलर्जीच्या सर्दीचा इतिहास. तान्ह्या बाळांत मात्र चट्टे गालांवर व हातापायांच्या बाहेरच्या बाजूस दिसतात.

पाठ्यपुस्तकांतील ‘लालसर चट्टा’ हे वर्णन गोऱ्या त्वचेवर आधारलेले आहे. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा करडा, तपकिरी वा काळपट दिसतो. केवळ लाली शोधणाऱ्याच्या नजरेतून तो निसटण्याची शक्यता असते.

तीन सदृश विकार

भारतीय परिस्थितीत तीन विकार वेगळे ओळखणे अत्यावश्यक आहे. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतील पुरळ आणि घरातील इतरांनाही तोच त्रास, ही खरजेची लक्षणे आहेत. कडा उठावदार आणि मध्यभाग तुलनेने स्वच्छ असलेला गोलाकार चट्टा गजकर्णाकडे, म्हणजेच बुरशीच्या संसर्गाकडे निर्देश करतो. फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्शाची संवेदना कमी झाली असल्यास कुष्ठरोगाचा विचार केलाच पाहिजे. कापसाच्या बोळ्याने केलेली काही क्षणांची तपासणी येथे रुग्णाला संभाव्य अपंगत्वापासून वाचवू शकते.

इसबाचे उपचार

त्वचेतील ओलावा टिकवणे हा उपचाराचा पाया होय. स्नान अल्पकाळ व कोमट पाण्याने करावे, उग्र साबण टाळावा आणि अंग टिपताच पेट्रोलियम जेलीसारखे स्निग्ध मलम लावावे. विकार बळावल्यास योग्य तीव्रतेचे स्टेरॉइड मलम मर्यादित काळ वापरावे : चेहऱ्यासाठी सौम्य, हातापायांसाठी मध्यम. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या क्षेत्राला ते पुरते. ताप आणि एकाएकी उठलेले वेदनादायक फोड ही विषाणुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठवावे.

मुरुमे : कारणे आणि टप्प्याटप्प्याने उपचार

तैलग्रंथींचा वाढता स्राव, केशरंध्रांचे तोंड बंद होणे, जिवाणूंची वाढ आणि दाह या चार घटकांतून मुरुमे उद्भवतात. काळ्या वा पांढऱ्या टोकाचे बारीक खडे ही त्यांची खूण होय. ते नसताना एकाच आकाराचे पुरळ एकाएकी उठले असेल, तर स्टेरॉइडच्या वापराची चौकशी करावी. तरुणींमध्ये अनियमित मासिक पाळी आणि चेहऱ्यावर वाढलेले केस आढळल्यास अंडाशयाशी संबंधित संप्रेरक-विकाराची तपासणी आवश्यक ठरते.

सौम्य विकारात बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापॅलिनचा लेप दिला जातो. मध्यम विकारात त्यासोबत डॉक्सिसायक्लिनची गोळी सुमारे तीन महिन्यांच्या मर्यादेत देता येते; गरोदरपणात ती देऊ नये. प्रतिजैविकाचा एकट्याने वापर केल्यास जिवाणूंमध्ये औषधरोध वाढतो, म्हणून तो टाळावा. खोल गाठी व व्रण असलेल्यांना तज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. त्यामुळे गर्भधारणा नसल्याची खात्री व गर्भनिरोधन अनिवार्य आहे. सुधारणेस साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. ही माहिती आरंभीच न दिल्यास रुग्ण उपचार सोडतो आणि गोरेपणाचे आमिष दाखवणाऱ्या मलमांकडे वळतो.

धोरणात्मक पैलू

स्टेरॉइडमिश्रित मलमांचा अनिर्बंध वापर ही देशातील मोठी समस्या आहे. अशा मलमाने खाज व लाली तात्पुरती दबते. परंतु बुरशी पसरत जाते, चेहऱ्याची त्वचा पातळ होते, नवी मुरुमे येतात आणि मलम थांबवताच आग होते. या पार्श्वभूमीवर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये सुधारणा करून १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची मिळणारी सूट काढून घेतली. सप्टेंबर २०१८ मध्ये बंदी घातलेल्या ३२८ निश्चित मात्रेच्या संयुक्त औषधांतही स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेल्या काही मलमांचा समावेश होता.

नियमांची परिणामकारकता अंमलबजावणीवर अवलंबून असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी दूरवैद्यक सेवेमुळे ग्रामीण केंद्रातून तज्ज्ञांचा सल्ला घेणे शक्य झाले आहे. तथापि संवेदना तपासणारा हात, कुटुंबाची चौकशी आणि मलम किती व किती दिवस लावायचे याची स्पष्ट सूचना यांना पर्याय नाही. या तीन गोष्टींसाठी महागडे उपकरण लागत नाही. प्रशिक्षित आणि सजग प्राथमिक डॉक्टर मात्र लागतो.