फोर-बाय-फोर घेतली म्हणजे रान मोकळे नव्हे

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही चौघे आइसलँडला जाणार आहोत. फोर-बाय-फोर भाड्याने घेतली, की रस्ता सोडून हवी तिथे गाडी घालता येईल आणि मनाला येईल तिथे मुक्काम करता येईल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बेत छान आहे, फक्त एक गैरसमज दूर करायला हवा. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी चालवणे बेकायदा आहे आणि दंड जबर असतो. तिथल्या थंडीत शेवाळ फार सावकाश वाढते. चाकांनी उखडलेला पट्टा भरून यायला कित्येक दशके लागू शकतात. फोर-बाय-फोर लागते ती ‘एफ’ क्रमांकाच्या खडबडीत, पण अधिकृत डोंगरी रस्त्यांसाठी. बर्फ वितळल्यावरच ते खुले होतात, म्हणून निघण्याआधी रस्त्यांची ताजी स्थिती जरूर पाहा.

‘मग थरार तो काय उरला?’ असे वाटेल. पण लांडमन्नालोइगरचे रंगीत डोंगर अशाच रस्त्याने गाठता येतात. उत्तरेकडून एफ-208 ने गेलात, तर पाणी आडवे येते ते थेट तिथल्या कॅम्पसाइटच्या तोंडाशी. गाडी अलीकडे लावून पादचारी पुलावरून पलीकडे जा, कारण नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले, तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा ते नुकसान भरून देत नाही. कॅम्पर व्हॅनमध्ये झोपायचे असले, तरी मुक्काम अधिकृत कॅम्पसाइटवरच करा. इतरत्र जमीनमालकाची परवानगी लागते. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, तेव्हा पहिल्या दिवशी पल्ला कमी ठेवा. वाऱ्यात गाडीचे दार हाताने धरूनच उघडा. एवढे पाळलेत, तर सहल निर्धास्त होईल.