खिडकीला आधी सावली, मग काच

सोन्या,

कोनच्या घराच्या खिडक्या बदलतो आहेस, हे तुझ्या बापाकडून कळलं. सगळीकडे डबल काच लावायचं कोटेशन आणलंस हेही कळलं, आणि आकडा ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. रागावले नाही रे. याच गावात, याच कल्याण-भिवंडी रस्त्यालगत मी तीनदा खिडक्या बदलल्या, आणि तिन्ही वेळा नवी चूक केली. तेवढ्या चुका करायला तुझ्याकडे ना पैसा, ना सवड. म्हणून माझ्याच चुका उसन्या घे. परत करू नकोस.

घेण्याआधी

1. आठवडाभर खिडक्यांकडे नुसतं बघ, आणि कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं ते भिंतीवर पेन्सिलीने लिही – सगळ्या खिडक्यांचं दुखणं एक नसतं, मग औषध एकच कशाला?

2. सगळ्यात वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली राहत असशील, तर खिडकीआधी छताचं बघ – तिथली उष्णता डोक्यावरून उतरते. मी तर म्हणते, तापतं छप्पर आणि बोलणी खाते खिडकी.

3. बर्फाच्या मुलखातली जाहिरात वाचून भुलू नकोस – त्यांना घरातली ऊब कोंडून ठेवायची असते. आपल्याला ऊन बाहेर ठेवून वारा तेवढा आत घ्यायचा आहे.

4. दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा तोडू नकोस – मार्चअखेर आणि सप्टेंबरात दुपारी बाराचा सूर्य इतका उंच असतो की दोन फुटांचा छज्जा पाच फुटांची खिडकी सावलीत ठेवतो, तोही एक पैसा वीजबिल न वाढवता.

5. पश्चिमेला मात्र छज्ज्याच्या भरवशावर राहू नकोस, बाहेरून बांबूची चिक सोड – चार वाजताचं ऊन तिरपं येऊन छज्ज्याखालून सरळ पलंगावर बसतं.

6. चिक बाहेरूनच, आतून नाही – ऊन काच ओलांडून आत आलं की उष्णता घरचीच झाली. मग आतला पडदा फक्त स्वतःचा रंग उडवून घेतो.

7. उत्तरेची खिडकीही उघडीबोडकी ठेवू नकोस – मेच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये थोडा उत्तरेकडे झुकतो. शिवाय पाऊस काही दिशा विचारून येत नाही.

निवडताना

8. खिडकी केवढी दिसते ते नको, केवढी उघडते ते मोज – केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात आपल्यासारख्या उष्ण-दमट भागात उघडणारी जागा घराच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश धरली आहे. 450 चौरस फुटांचं घर असेल तर 75 चौरस फूट.

9. दोन ट्रॅकची सरकती खिडकी सताड उघडलीस तरी निम्मीच उघडते – एक काच कायम दुसरीच्या मागे उभी. माझी दुसरी चूक हीच. सहा फुटांची खिडकी घेतली, वारा तीन फुटांचा मिळाला.

10. जिथं जागा असेल तिथं बिजागरीची, पल्ल्यांची खिडकी घे – ती जवळजवळ पूर्ण उघडते, आणि मिटली की पल्ला रबरावर दाबून बसतो, त्यामुळे धूळही कमी येते.

11. समोरासमोर दोन वाटा ठेव, एक खिडकी आणि पलीकडे दुसरी खिडकी किंवा झरोका – वारा पाहुण्यासारखा असतो, जायची वाट दिसली तरच आत येतो.

12. काच घेताना दुकानदाराला एकच आकडा विचार, ऊन किती आत सोडते – साधी पांढरी काच उन्हातली शंभरातली ऐंशीच्या आसपास उष्णता आत सोडते, चांगली ऊन अडवणारी लो-ई काच तीस-चाळीसवर आणते. कागदावर तो आकडा ‘एसएचजीसी’ म्हणून लिहिलेला असतो, जितका कमी तितका आपल्या कामाचा.

13. पण म्हणून काळीकुट्ट काच घेऊ नकोस – ऊन अडवताना उजेडही अडला की भर दुपारी ट्यूब लावून बसशील. एका हाताने वाचवायचं आणि दुसऱ्याने बिल भरायचं.

14. डबल काच फक्त एसीच्या खोलीला घाल – काचेतून झिरपणारी उष्णता ती जवळपास निम्म्यावर आणते, पण खिडकी दिवसभर उघडीच राहणार असेल तर मधल्या हवेच्या थराचे पैसे वाऱ्यावर गेले.

15. रस्त्याच्या ट्रकांच्या आवाजासाठी आधी फटी बंद कर, मग लॅमिनेटेड काच बघ – आवाजाला आत यायला सुईएवढी वाट पुरते. जाड काच आणि सैल पल्ला म्हणजे भारी कुलूप आणि उघडी कडी.

16. चौकट अॅल्युमिनियमची की यूपीव्हीसीची, हा वाद घालत बसू नकोस, खोली बघून ठरव – अॅल्युमिनियम मजबूत पण उष्णता पटकन आत आणतं. यूपीव्हीसी उष्णता अडवतं, पण मोठ्या खिडकीत त्याच्या पोटात लोखंडी पट्टी आहे ना, हे विचारून घे.

17. जुनी सागवानी चौकट ठणठणीत असेल तर ठेव आणि नुसते पल्ले बदल – लाकूड उष्णता अडवतंच. मी माझी भंगारात दिली, आणि नंतर कुणाच्या तरी हॉलमध्ये तिचा आरसा झालेला पाहिला.

18. गुडघ्याखाली येणारी काच टफन्ड किंवा लॅमिनेटेड घे, आणि तिच्या कोपऱ्यावर आयएस 2553 ची खूण बघ – टफन्ड फुटली तर बोथट दाणे होतात, लॅमिनेटेड फुटली तरी जागेवर चिकटून राहते. तुझा धाकटा भाऊ भिंतीवर क्रिकेट खेळतो, मला माहीत आहे.

19. ग्रिल लावताना एका खिडकीच्या तरी ग्रिलला उघडणारं दार ठेव, आणि किल्ली तिथंच जवळ टांग – चोर आत येऊ नये हे खरं, पण आग लागली तर आपल्याला बाहेर पडता आलं पाहिजे.

20. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथली खिडकी कधीही हवाबंद करू नकोस, गिझरच बाहेर काढलास तर उत्तम – कोंडलेल्या जागी त्यातून कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो दुसरी संधी देत नाही.

21. स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या माग – खाडी जवळ आहे, हवा दमट आहे. गंज आधी स्क्रूला लागतो आणि मग खिडकी खडखडायला लागते.

बसवताना

22. माप फरशी आणि प्लास्टर झाल्यावरच घे. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि सगळ्यात लहान माप धर – भिंत दिसते सरळ, असते आपल्या नानांसारखी आतून वाकडी. मापात चुकला तो सिलिकॉनात बुडाला.

23. दोन्ही कर्णही मोजून बघ – ते सारखे नसतील तर भोक तिरकं आहे, आणि तिरक्या भोकात सरळ खिडकी बसवली की पहिल्या पावसात ती अडकते.

24. टफन्ड काचेची ऑर्डर शेवटी दे – एकदा ती भट्टीतून निघाली की पुढे कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही.

25. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीचा उतार बाहेर ठेव, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच काढून घे – खाच नसली की पावसाचं पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून थेट भिंतीत शिरतं.

26. चौकटीच्या खाली पाणी जायची भोकं असतात, कारागिराने ती सिलिकॉनने बुजवली नाहीत ना, स्वतः वाकून बघ – माझ्याकडे एकाने ‘नीट दिसावं’ म्हणून बुजवली आणि आषाढात हॉलमध्ये बादल्या मांडाव्या लागल्या. भोक बुजलं त्याचं घर भिजलं.

27. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला लावू देऊ नकोस – डाग पडतो, आणि तो मग आयुष्यभर पाहुण्यांआधी दिसतो.

28. चौकटीवरचा प्लॅस्टिकचा कागद बसवल्याबरोबर काढ – ‘नवं राहू दे’ म्हणत मी दोन उन्हाळे ठेवला. तो भाजून असा चिकटला की नखं तुटली.

29. काचेवर सिमेंट उडालं तर ओलं असतानाच धू – वाळलं की काच खाऊनच निघतं.

30. शेवटचा हप्ता हातात ठेव, आणि बाहेरून नळीने पंधरा मिनिटं पाणी मारून बघ – खिडकीची परीक्षा आषाढातच होते, पण आपण तिचा सराव पेपर आधी घ्यावा.

31. हमी तोंडी नको, कागदावर घे – डबल काचेच्या मध्ये धुकं धरलं तर ते आतूनही पुसता येत नाही आणि बाहेरूनही. सील गेलेलं असतं, काच बदलावीच लागते. माणूस विसरतो, पावती बोलते.

सांभाळताना

32. ट्रॅक आधी कोरड्या ब्रशने झाड, मगच ओलं फडकं फिरव – गावातल्या यंत्रमागांवरून उडालेला कापसाचा तूस आणि रस्त्याची धूळ पाण्यात भिजली की ट्रॅकमध्ये लापशी होते.

33. ट्रॅकमध्ये तेल घालायचं नाही – मी खोबरेल घातलं. दोन दिवस खिडकी लोण्यासारखी सरकली, तिसऱ्या दिवसापासून गावातला सगळा तूस तिच्याकडे मुक्कामाला आला. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे बेताने मार.

34. मृग लागायच्या आधी पाणी जायच्या भोकांतून खराट्याचा हीर फिरव – पाच मिनिटांचं काम, पण चार महिने फरशी कोरडी ठेवतं.

35. त्याच दिवशी रबर आणि ब्रशची पट्टी बोटाने चाचपून बघ – रबर कडक झालं, तुटलं, तर तेवढंच बदलून मिळतं. लोक मात्र चार फुटांच्या रबरापायी अख्खी खिडकी बदलतात.

36. मच्छरजाळी महिन्यातून एकदा काढून धू – स्वच्छ जाळीही वारा थोडा अडवतेच, आणि तूस बसलेली जाळी म्हणजे भिंतच.

37. काच आधी पाण्याने भिजव, मग पूस. फरशीचं अॅसिड तिच्या जवळपासही नेऊ नकोस – कोरड्या धुळीने ओरखडे पडतात आणि अॅसिडने चौकटीचा रंग जातो.

38. रंगीत काचेला आतून वर्तमानपत्र किंवा चांदीचा कागद चिकटवू नकोस, कपाटही टेकवू नकोस – काच एकीकडे तापते, दुसरीकडे गार राहते, आणि एका दुपारी कुणी हातही न लावता तडकते.

39. उन्हाळ्यात अकरा ते पाच खिडक्या आणि चिका मिटव, संध्याकाळी सगळं सताड उघड – रात्रीचा वारा घरातल्या भिंती गार करतो, सकाळी तोच गारवा कोंडून ठेवायचा.

40. एसी 24 वर ठेव, 18 वर नको – 1 जानेवारी 2020 पासून स्टारवाले नवे एसी सुरूच 24 वर होतात. त्याच ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वर नेला की सुमारे 6 टक्के वीज वाचते.

41. पावसाळ्यातही रोज थोडा वेळ खिडकी उघड, स्वयंपाक करताना तर हमखास – घट्ट खिडकी वाफही बाहेर जाऊ देत नाही, मग कपाटामागे बुरशी धरते आणि आपण रंगवाल्याला शिव्या देतो.

आता एक गुपित. 2007 साली भिवंडीचं वीजवाटप नव्या कंपनीकडे जाण्याआधीचं लोडशेडिंग तुला आठवत नाही, तू पाळण्यात होतास. दुपारी पंखा थांबायचा आणि सगळं घर उठून एका जागी गोळा व्हायचं. स्वयंपाकघरातल्या सागवानी खिडकीपाशी. तीन वेळा घरभर खिडक्या बदलल्या, पण त्या एकीला हात लावला नाही. काच साधीच आहे, चौकटीला पोपडे आले आहेत. पण तिच्यावर बाहेरून शेवग्याची सावली आहे, दोन्ही पल्ले भिंतीपर्यंत उघडतात, आणि समोरच मागचं दार आहे.

कोटेशनवर सही करण्याआधी एकदा दुपारी ये. पंखा बंद करून तुला तिथं बसवते. मग कुठली खिडकी बदलायची आणि कुठली नाही, हे मी सांगणार नाही, तूच सांगशील.

तुझी आत्या