जिन्यावरचे बिऱ्हाडकरू

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूमीने तपासलेत, तेव्हा उरलेल्या चुका तिच्या नावावर.

एस.ई.च्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "मेटलॉइड म्हणजे काय?" प्रश्न इतका सोपा वाटला की हसूच आलं. म्हटलं, "सर, सेमीकंडक्टर. सिलिकॉन, जर्मेनिअम वगैरे." सरांनी विचारलं, "आणि आर्सेनिक? तेही मेटलॉइडच ना? मग शुद्ध आर्सेनिक सेमीकंडक्टर आहे का?" मी ठोकून दिलं, "हो सर." सरांनी मान हलवली आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली.

रात्री रूमीला हे सांगितलं. ती दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या मराठी शाळेत शिकलेली. म्हणाली, "अगं, आम्ही त्याला धातुसदृश म्हणायचो. सदृश म्हणजे सारखं दिसणारं. त्यात विजेचा संबंध कुठे आला?" मी तो शब्द आठवीपासून इंग्रजीत पाठ करत होते, पण त्याचा अर्थ काय हे कधी विचारलंच नव्हतं.

तर आवर्त सारणीत उजवीकडे बोरॉनपासून खाली उतरणारी जिन्यासारखी एक रेघ असते. डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, आणि जिन्यावर ही बिऱ्हाडं : बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरिअम. या सहांबद्दल बहुतेकांचं एकमत आहे. पोलोनिअम आणि अ‍ॅस्टाटिनबद्दल भांडण चालू आहे. अ‍ॅल्युमिनिअमसुद्धा रेघेला चिकटूनच बसतं, पण त्याला सगळे धातूच म्हणतात. म्हणजे नुसत्या रेघेवर भरवसा ठेवू नका.

यांच्याशी आपली जुनी ओळख आहे. हॉस्टेलच्या कॅरमवर आपण भुरभुरतो ती बोरिक पावडर. सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार, त्यातही बोरॉनच. सोमल म्हणजे आर्सेनिकचं ऑक्साइड आणि हरताळ हे त्याचं पिवळंजर्द सल्फाइड. पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. (बंदवाला हरताळ वेगळा, हेही रूमीकडूनच कळलं.)

यातलं जर्मेनिअम मला सगळ्यात आवडतं. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये सिलिकॉनच्या खाली जागा रिकामी ठेवून सांगितलं, इथे ७२ अणुभाराचं, ५.५ घनतेचं मूलद्रव्य सापडेल. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला विंक्लरला ते एका खनिजात सापडलं. अणुभार ७२.६, घनता ५.३! गंमत म्हणजे विंक्लरला आधी वाटलं, हे अँटिमनीच्या खालच्या रिकाम्या घरातलं असावं. सापडलेल्या माणसालाच पत्ता नीट कळेना, मग आपलं काय घेऊन बसलात.

पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरपर्यंत जर्मेनिअमला वीज नीट वाहून न नेणारा धातूच समजत. दोष जर्मेनिअमचा नव्हता, त्यातल्या भेसळीचा होता. सिलिकॉनचंही तेच. दर ५० लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घातला तरी त्याचा रोध काही लाख पटींनी उतरतो. हे कळल्यावर हीच भेसळ मोजूनमापून करायला लागले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर केला तो जर्मेनिअमवरच.

आता माझ्या चुकीकडे येते. लॅबमधला १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब घ्या. २३० व्होल्टवर हिशेबाने त्याचा रोध ५२९ ओहम यायला हवा. पण थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर ४० च्या आसपासच दिसतो. टंगस्टन धातू आहे, तापला की अणू जोरात थरथरतात, इलेक्ट्रॉनना वाट मिळत नाही, रोध वाढतो. शुद्ध सिलिकॉनमध्ये मुळात मोकळे इलेक्ट्रॉनच अगदी थोडे. उष्णता मिळाली की बांधलेले सुटतात, रोध कमी होतो. धातू आणि सेमीकंडक्टर ओळखायची ही कसोटी.

ही कसोटी त्या सहांना लावा. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, टेल्युरिअम पास. पण करडं आर्सेनिक आणि अँटिमनी तापवले की त्यांचा रोध धातूसारखा वाढतो! दोघंही पाऱ्यापेक्षा चांगली वीज वाहून नेतात, आणि पारा तर पक्का धातू. मग हे दोघं जिन्यावर का? कारण चकाकतात धातूसारखे, पण हातोडा मारला तर पत्रा होत नाही, चुरा होतो. आणि त्यांची ऑक्साइडं ठाम अल्कधर्मी नसतात, उभयधर्मी असतात किंवा आम्लाकडे झुकतात. म्हणजे मेटलॉइड हा केमिस्ट्रीवाल्यांचा शब्द आणि सेमीकंडक्टर आपल्या ब्रँचचा. दोन वर्तुळं एकमेकांवर थोडी चढलेली आहेत, एकच नाहीत. गॅलिअम आर्सेनाइड उत्तम सेमीकंडक्टर, पण ते मूलद्रव्यच नाही, संयुग आहे.

ज्युनिअर्सनो, ओरलला हा प्रश्न आला तर आर्सेनिकपर्यंत तुम्ही सुटलात. पण सर तिथे थांबतील असं नाही. करडं सेलेनिअम सेमीकंडक्टर आहे, जुन्या रेक्टिफायरमध्ये वापरायचे, तरी बरीच पुस्तकं त्याला सरळ अधातूंत बसवतात. ते का, यावर आमच्या रूममध्ये अजून वाद चालू आहे. रूमीचं म्हणणं, बसवलं ते बरोबर. माझं अजून ठरत नाहीये.